मदत हवी आहे: लाईट जाऊन आली की एसएसएच टनेल चालू दिसतो, पण आत शिरता येत नाही

मंडळी, चार रविवार यात गेले, म्हणून विचारतो.

मी पुण्यात, आई-अण्णा तासगावजवळ शेतातल्या घरी. तिथे कॅमेरे, त्यांचं रेकॉर्डिंग करणारा एनव्हीआर आणि एक रास्पबेरी पाय, म्हणजे छोटासा कॉम्प्युटर (पुढे नुसता ‘पाय’). राउटरचा बाहेरचा पत्ता १००.७२ ने सुरू होतो, म्हणजे सीजीनॅट: नेट कंपनी एकच पब्लिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटते, बाहेरून थेट घरात शिरता येत नाही. पोर्ट फॉरवर्डिंगचा उपयोग शून्य. म्हणून पायवरून भाड्याच्या व्हीपीएसकडे (इंटरनेटवरचा सर्व्हर) एसएसएचचा, म्हणजे सुरक्षित रिमोट लॉगिनचा, उलटा टनेल टाकलाय: व्हीपीएसच्या पोर्ट २२२२ ला गेलं की पायवर पोचतो. एसएसएच बंद पडलं की परत सुरू करायला ऑटोएसएसएच, -एम ० (त्याची स्वतःची वेगळी तपासणी बंद). त्यातून पायवर जातो, लॅपटॉपवर १०८० ला सॉक्स प्रॉक्सी (ब्राउझरची ये-जा पायमार्गे नेणारी) उघडतो आणि फायरफॉक्समध्ये एनव्हीआर बघतो.

लाईट जाऊन आली की गंमत सुरू. अण्णांनी पाय टीव्हीला जोडून, मी सांगेन तसं एकेक अक्षर दाबून बघितलं: नेट चालू, प्रोसेसही जिवंत. ‘सगळं हिरवं पेटलंय की रे!’ पण व्हीपीएसवरून २२२२ ला गेलं तर आधी नुसतं लटकतं, पंधरा-वीस मिनिटांनी कनेक्शन रिफ्यूज्ड. पाय बंद-चालू केला की लागतं. दर वेळी त्यांना माडीवर चढवायचं जिवावर येतं.

प्रतिसाद: आधी लटकणं, मग रिफ्यूज्ड, यातच उत्तर आहे. लाईट गेली हे व्हीपीएसला कळलेलंच नाही; मेलेलं जुनं सेशन २२२२ अडवून बसलंय. नवीन एसएसएच लॉगिन होतं, पोर्ट मिळत नाही, नुसती वॉर्निंग देऊन चालू राहतं. ऑटोएसएसएचला वाटतं सगळं आलबेल. पायवर एक्झिट-ऑन-फॉरवर्ड-फेल्युअर ‘यस’ करा, म्हणजे पोर्ट मिळालं नाही तर एसएसएच बंद पडेल आणि ऑटोएसएसएच परत प्रयत्न करेल. व्हीपीएसच्या एसएसएचडीत (सर्व्हरच्या बाजूचं एसएसएच) क्लायंट-अलाइव्ह-इंटरव्हल ३० आणि काउंट-मॅक्स ३, म्हणजे दर ३० सेकंदांनी विचारणा, तीनदा उत्तर नाही तर मेलेलं सेशन दीड-दोन मिनिटांत सुटेल.

धागाकर्ता: केलं. आता तर प्रोसेसच दिसत नाही! आगीतून फुफाट्यात.

प्रतिसाद: गेटटाइम. पोर्ट न मिळाल्याने पहिलं एसएसएच ३० सेकंदांच्या आत पडलं की ऑटोएसएसएच स्वतःच गाशा गुंडाळतं. ऑटोएसएसएच-गेटटाइम ० ठेवा, म्हणजे ते प्रयत्न करत राहील. आणि गेटवे-पोर्ट्सला (टनेलचं पोर्ट बाहेरच्यांना उघडणारी सेटिंग) हात लावू नका, २२२२ व्हीपीएसच्या लोकलहोस्टपुरताच, म्हणजे आतल्या आतच, राहू दे.

दुसरा प्रतिसाद: त्यापेक्षा वायरगार्ड व्हीपीएन टाका ना, कीपअलाइव्ह २५ (दर २५ सेकंदांनी जोडणी जागी ठेवणारा संदेश). पोर्ट अडण्याची भानगडच नाही.

धागाकर्ता: वायरगार्ड दिवाळीत, गावी गेल्यावर. पाय हाताशी नसताना नवं काही नको. गेटटाइम टाकला, अण्णांना एमसीबी पाडून लगेच वर करायला सांगितला. चौथ्या मिनिटाला लागलं. अण्णा विचारतायत, अजून एकदा पाडू का?