मदत हवी आहे: ज्यूरीने भरपाईची रक्कम चिठ्ठ्यांची सरासरी काढून ठरवणे योग्य होते का?

नमस्कार. मी गेली एकोणीस वर्षे न्यू जर्सीत राहते. नागरिकत्व मिळाल्यानंतर यंदा प्रथमच मला ज्यूरीचे बोलावणे आले आणि चार दिवस चाललेल्या एका दिवाणी दाव्यात निकाल देण्यासाठी आम्ही सहा जण बसलो. निकाल जाहीर होऊन आम्हांला मोकळे करण्यात आले. तरीही शेवटच्या दिवशी त्या बंद खोलीत आम्ही जे केले ते बरोबर होते की नाही, हा प्रश्न मनातून जात नाही. कोणाची ओळख पटू नये म्हणून तपशील आणि आकडे थोडे बदलले आहेत. मूळ प्रश्न जसाच्या तसा आहे.

वादी बाई एका दुकानाच्या पार्किंगमध्ये बर्फावरून घसरून पडल्या होत्या. उजव्या मनगटात धातूची पट्टी आणि सात स्क्रू बसवावे लागले. बेकरीत केकवर नक्षी काढण्याचे त्यांचे काम होते आणि आयसिंगची पिशवी दाबण्याइतका जोर आता त्या हातात उरलेला नाही. साक्ष देताना त्यांनी पाण्याचा पेला उचलायला आधी उजवा हात पुढे केला, मग तो मागे घेऊन डाव्या हाताने पेला उचलला. त्याविषयी कोणी काही बोलले नाही, पण आम्ही सहाही जणांनी ते पाहिले होते.

दोष कोणाचा, हे ठरवायला फार वेळ लागला नाही. दुकानाचा ७० टक्के आणि बाईंचा ३० टक्के, असे आम्ही लिहिले. बाईंचा दोष ५० टक्क्यांहून अधिक ठरला असता तर त्यांना काहीच मिळाले नसते, हे न्यायाधीशांनी आम्हांला आधीच समजावून सांगितले होते. आम्ही मात्र भरपाईची पूर्ण रक्कम लिहायची होती. टक्केवारीनुसार वजावट न्यायाधीश स्वतः करणार होते. उपचारांचा खर्च आणि बुडालेला पगार मिळून ४८,००० डॉलर होत होते. त्याची कागदपत्रे समोर होती, त्यामुळे तो भाग अर्ध्या तासात संपला.

खरी अडचण त्यानंतर आली. वेदना, कायमचे अपंगत्व आणि जगण्यातला गेलेला आनंद यांची किंमत पैशांत ठरवण्यासाठी कायद्यात कोणतेही कोष्टक किंवा सूत्र नाही, ते तुमच्या सारासार विवेकावर सोपवले आहे, असे न्यायाधीशांनी सांगितले होते. बाईंच्या वकिलांनी रकमेचा उच्चार न करता, उरलेल्या आयुष्यातील एकेका दिवसाचा, एकेका तासाचा विचार करा, अशी विनंती केली होती. पण वकिलांचे म्हणणे हा पुरावा नव्हे, हेही आम्हांला बजावले होते. म्हणजे आधार घ्यावा असे हाताशी काहीच नव्हते.

इथे मला माझ्या मामांची आठवण झाली. २०१२ साली नाशिक-पुणे रस्त्यावर अपघातात ते गेले, तेव्हा ते त्रेचाळीस वर्षांचे होते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने वार्षिक उत्पन्नातून त्यांच्या स्वतःच्या खर्चापोटी वजावट केली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालातील तक्त्याप्रमाणे त्या वयोगटाचा १४ हा गुणक लावून रक्कम काढली. माझ्या भावाला एका आकड्याने गुणले, असे म्हणून आई त्या दिवशी रडली होती. त्या खोलीत बसल्यावर मात्र एखादे तरी कोष्टक समोर असते तर बरे झाले असते, असे मला मनापासून वाटले.

अखेरीस प्रत्येकाने आपापला आकडा चिठ्ठीवर लिहावा, असे ठरले. चिठ्ठ्या लिहिण्यापूर्वी आमच्यातील एक गृहस्थ म्हणाले, “जी सरासरी येईल ती मान्य करू आणि घरी जाऊ.” दोघांनी मान डोलावली. मी गप्प राहिले. माझी बोचणी त्या गप्प राहण्याचीच आहे.

आकडे असे निघाले: २५,०००, ६०,०००, ७५,०००, ९०,०००, १,५०,००० आणि ५,००,०००. बेरीज नऊ लाख, सरासरी दीड लाख. एका पाच लाखांच्या चिठ्ठीने सगळी रक्कम वर ओढली होती. मधल्या दोन चिठ्ठ्यांचा मध्य काढला असता तर ८२,५०० आले असते. त्यावर सुमारे तासभर वाद झाला आणि शेवटी पाच विरुद्ध एक मतांनी १,३५,००० डॉलर ठरले. या चर्चेत एकाने वकिलांची फी निघेल एवढी भर घालावी असे सुचवले, तर दुसरे कोणी म्हणाले की पैसे विमा कंपनीच देणार आहे. न्यायाधीशांच्या सूचना आठवून आम्ही दोन्ही मुद्दे बाजूला ठेवले. पण एकदा बोललेले मनातून पुसले जाते का, हे मी सांगू शकत नाही.

एकूण १,८३,००० डॉलरमधून ३० टक्के वजा जाऊन बाईंना १,२८,१०० डॉलर मिळाले. कृपया जाणकारांनी सांगावे: सरासरी काढणे नियमबाह्य होते का? आणि मी न्यायाधीशांना पत्र लिहावे का?

प्रतिसाद:

ताई, मी शेजारच्या राज्यात वकिली करतो, त्यामुळे हा कायदेशीर सल्ला न मानता माहिती म्हणून वाचावे. सरासरी काढणे हा दोष नाही. येईल ती सरासरी आपल्यावर बंधनकारक राहील असे आधीच ठरवून, पुढे विचार न करता तोच निकाल म्हणून देणे, याला मनाई आहे. सरासरी काढून त्या आकड्यावर चर्चा केली आणि नंतर स्वतंत्रपणे मत दिले, तर न्यायालये ते सामान्यतः योग्य मानतात.

या विषयावरचा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा प्रसिद्ध निकाल १९१५ चा, मॅक्डोनाल्ड विरुद्ध प्लेस, हा आहे. तिथे वकिलांच्या फीचा दावा होता. ज्यूरींनी आपापले आकडे लिहून बेरजेला बाराने भागले आणि २,९१६ डॉलरचा निकाल दिला. पद्धत चुकीची असल्याचे न्यायालयाने नाकारले नाही. पण आतल्या चर्चेविषयी ज्यूरी सदस्यालाच साक्षीला उभे करून निकाल मोडता येणार नाही, असे ठरवले. तसे केले नाही तर ज्यूरीच्या खोलीत मोकळेपणाने बोलणेच संपेल, हे त्यामागचे कारण आहे. बाहेरची माहिती किंवा बाहेरचा दबाव आत आला असेल, तर गोष्ट वेगळी. कोणी घरी जाऊन इंटरनेटवर त्या दुकानाविषयी शोधले होते का? तसे असल्यास न्यायालयाला जरूर कळवावे.

विम्याच्या उल्लेखाचे ओझे बाळगू नये. अ‍ॅरिझोनात संशोधकांनी परवानगीने ५० दिवाणी ज्यूरींच्या चर्चा चित्रित केल्या, तेव्हा बहुतेक खोल्यांत विम्याचा विषय निघालेला आढळला. शिवाय रकमेवर न्यायाधीशांचीही नजर असते. ती विवेकाला धक्का देण्याइतकी अवाजवी असेल तर ते ती कमी करण्याचा पर्याय देऊ शकतात किंवा नव्याने सुनावणी घेऊ शकतात.

एकच विचारतो. त्या गृहस्थांच्या वाक्यानंतर सर्वांनी स्पष्ट होकार दिला होता का?

धागाकर्तीचा प्रतिसाद:

मनःपूर्वक आभार. बाहेरची माहिती कोणी आणली नव्हती. होकार दोघांचाच होता. आता क्रमाने आठवून पाहिले, तर दीड लाखाचा आकडा फळ्यावर लिहिल्याबरोबर “हे फार होते” असे प्रथम म्हणणारे तेच गृहस्थ होते. २५,००० ची चिठ्ठी त्यांची होती आणि शेवटपर्यंत विरोधात राहिलेले एक मतही त्यांचेच. पाच लाख लिहिणाऱ्या बाईंनीही नंतर स्वतःहून आपला आकडा खाली आणला होता. तेव्हा मी पत्र लिहिणार नाही.

इथे कोणी दिवाणी ज्यूरीत बसले असेल, तर त्यांना एक विचारायचे आहे. चिठ्ठ्या न लिहिता, वेदनेच्या रकमेचा पहिला आकडा तुमच्या खोलीत कोणी आणि कशाच्या आधारावर उच्चारला?