फूट ड्रॉप: एल फाइव्ह रूट की कॉमन पेरोनियल नर्व्ह? कसं ओळखायचं?

गोंधळलेला_फिजिओ
नमस्कार मंडळी, बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी) तिसऱ्या वर्षाला आहे, पोस्टिंग चालू आहे. आज ओपीडीत एक काका आले होते, पन्नाशीचे, शेती करतात, उजवं पाऊल वर उचलत नाही (म्हणजे फूट ड्रॉप), चालताना गुडघा उंच उचलतात आणि पाऊल थपकन टाकतात. म्हणाले चप्पल पायातून निसटून जाते, मागून कोणीतरी सांगतं तेव्हा कळतं. सरांनी विचारलं लीजन (बिघाड) कुठे आहे, कमरेत मणक्यातून निघणाऱ्या एल फाइव्ह नर्व्ह रूटला का गुडघ्याशी कॉमन पेरोनियल नर्व्हला, आणि आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. टिबिआलिस अँटीरिअर (पाऊल वर उचलणारा मसल) दोन्हीत जाणार, ईएचएल (अंगठा वर उचलणारा) दोन्हीत जाणार, इव्हर्जनपण (तळवा बाहेर वळवणं) दोन्हीत वीक, मग वेगळं करायचं कशावरून?? पुस्तकात टेबल आहे पण ते पाठ केलं की दोन दिवसात उडतं. उद्या सर परत विचारणारेत, प्लीज कोणीतरी डोक्यात बसेल असं सांगा.

न्यूरोवाली_ताई
टेबल ठेव बाजूला. जे मसल्स दोन्हीत जातात त्यांच्याकडे कितीही वेळ बघितलंस तरी उत्तर मिळणार नाही, कारण ते कॉमनच आहेत. असा मसल शोध जो एल फाइव्हचा आहे पण पेरोनियलचा नाही. कल्याणचं घे ना, कर्जत आणि कसारा दोन्हीकडच्या गाड्या बंद असतील तर बिघाड कल्याणला किंवा त्याच्या अलीकडे, आणि फक्त कर्जतच्या बंद आणि कसारा सुरळीत असेल तर बिघाड फाटा फुटल्यानंतरचा.

आता पायातला कसारा कोण, तर टिबिआलिस पोस्टीरिअर. एल फोर एल फाइव्ह त्याला मिळतं पण टिबिअल नर्व्हमधून. म्हणजे इन्व्हर्जन (तळवा आत वळवणं) करून बघायचं. पाऊल पडलेलं आहे आणि इन्व्हर्जन जोरात होतंय तर गुडघ्याशी, कॉमन पेरोनियल. इन्व्हर्जनपण गेलं तर वर बघ. दुसरा म्हणजे खुब्याचा ग्लुटिअस मीडिअस, सुपीरिअर ग्लुटिअल नर्व्ह, त्यातपण एल फाइव्ह आहे आणि ती नर्व्ह तर पेल्व्हिसमधूनच वेगळी होते. एका कुशीवर झोपवून हिप अबडक्शनला (पाय बाजूला उचलण्याला) रेझिस्टन्स दे. पाऊल पडलंय म्हणून पाऊलच तपासत बसतात सगळे, खुब्यापर्यंत कोणी जात नाही.

आणि एक, हे कोणी सांगत नाही म्हणून सांगते. पाऊल खाली लोंबतंय तशा पोझिशनमध्ये इन्व्हर्जन तपासलंस तर नॉर्मल माणसाचंही वीक वाटेल. एका हाताने घोटा नव्वद डिग्रीला आणून धर, मग म्हण तळवा आत वळवा. इव्हर्जनपण तसंच तपास.

ऑर्थो_नाइट_ड्यूटी
ताईंनी मोटर सांगितलं, मी सेन्सरी सांगतो. फिब्युलाच्या (नडगीशेजारचं बाहेरचं बारीक हाड) नेकशी नर्व्ह हाडावर अगदी कातडीखाली असते, तिथे दाब आला की नडगीचा बाहेरचा खालचा भाग आणि पावलाची वरची बाजू बधिर, अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मधली बेचकी डीप पेरोनियलची. पोटरीचा वरचा बाहेरचा भाग बरेचदा वाचतो कारण त्याची फांदी गुडघ्याच्या मागे, नेकच्या आधीच निघालेली असते. करंगळीची कडा सुरल नर्व्हची आणि तळवा टिबिअलचा, तेही वाचले पाहिजेत. एल फाइव्हमध्ये कंबर दुखून पायात कळ जाते, एसएलआर (पाय सरळ ठेवून उचलायची टेस्ट) पॉझिटिव्ह येतो. नेकच्या दाबात दुखणं बहुतेक नसतंच, पेशंट म्हणतो सकाळी उठलो तर पाय उचलेना.

कारणं विचारायला विसरू नका. प्लास्टर घातलं होतं का, ऑपरेशनला बराच वेळ एका कुशीवर होते का, वजन एकदम उतरलंय का (तिथली चरबी गेली की नर्व्हला गादी उरत नाही), शेतकरी असेल तर निंदणीला तासन् तास उकिडवे बसले होते का. प्लास्टरचं तर वॉर्डात ओरडून ओरडून सांगतो की गुडघ्याखालच्या प्लास्टरचा वरचा काठ नेकवर येऊ देऊ नका, पॅडिंग जास्त द्या, आणि पेशंटने मुंग्या म्हटलं की प्लास्टर फोडा, सकाळच्या राऊंडची वाट बघू नका.

सिस्टर_सात_नंबर
मी नर्सिंगला शिकवते, एक भर घालते. कुल्ल्यावर इंजेक्शन चुकीच्या जागी दिलं तरी फूट ड्रॉप होतो, सायटिक नर्व्हचा (पेरोनियल आणि टिबिअल दोन्ही जिच्यातून निघतात ती मोठी नर्व्ह) पेरोनियल भाग बाहेरच्या बाजूला असतो म्हणून मार त्यालाच आधी बसतो. म्हणून वरचा बाहेरचा चतुर्थांश, आणि तान्ह्या बाळाला तर कुल्ल्यावर नाहीच, मांडीच्या बाहेरच्या बाजूला. मुली जागा पाठ म्हणतात पण पेशंटचे कपडे नीट खाली न करता अंदाजाने टोचतात, मग वरचं काय नि बाहेरचं काय!!

गोंधळलेला_फिजिओ
बापरे, खूप थँक्यू सगळ्यांना. ताई, इन्व्हर्जन आम्ही बघितलं होतं पण लोंबत्या पावलातच, आता नव्वदला धरून बघतो. अँकल जर्कवरून (घोट्यामागच्या शिरेवर हातोडी मारून बघतात तो) काही कळतं का? काकांचा आला होता. आणि तळव्याला हात लावला तर म्हणाले नीट कळत नाही, ते कशात बसवू?

न्यूरोवाली_ताई
अँकल जर्क एस वन (एल फाइव्हच्या खालचं रूट), टिबिअलमधून, त्यामुळे एल फाइव्ह आणि पेरोनियल दोन्हीत तो येतोच, या दोघांत निवडायला उपयोग नाही. गेला असता तर सायटिक किंवा एस वनचा विचार केला असता.

पण तळवा?? हे आधी का नाही सांगितलंस. नुसत्या कॉमन पेरोनियलमध्ये तळवा बधिर होत नाही.

विदर्भातला_डॉक्टर
मी तर पहिली पोस्ट वाचूनच थांबलो होतो. चप्पल निसटते हे फूट ड्रॉपमध्ये चालतं, पण निसटलेली कळत नाही म्हणजे तळव्याची संवेदना गेलीय. इन्व्हर्जन चांगलं निघालं आणि तळवा बधिर असला तर टिबिअल नर्व्ह घोट्याशी गेलीय, टिबिआलिस पोस्टीरिअरची फांदी पोटरीत वरच निघून जाते म्हणून तो वाचतो. एका पायात दोन वेगळ्या नर्व्ह दोन वेगळ्या जागी, फिब्युलाच्या नेकला एक आणि आतल्या घोट्याच्या मागे एक. अशी जोडी दिसली की आमच्याकडे पहिलं नाव कुष्ठरोगाचं. डायबिटीसही तपासायला लागेल, पण त्यात साधारण दोन्ही पाय सारखे जातात.

2005 मध्ये देशपातळीवर दहा हजारांत एकाच्या खाली आला म्हणून निर्मूलन जाहीर झालं आणि कॉलेजातून विषयच मागे पडला, पण चंद्रपूर गडचिरोलीकडे आम्ही आजही नवीन पेशंट बघतो.

उद्या काकांना खुर्चीवर बसवून गुडघा वाकवा, फिब्युलाच्या हेडच्या मागून नेककडे बोट हळू फिरवा, नर्व्ह दोरीसारखी लागते का आणि दुसऱ्या पायापेक्षा जाड आहे का बघा. बोट फिरवताना नजर पेशंटच्या चेहऱ्यावर ठेवा, दुखलं तर तिथे आधी कळतं. मग कोपराच्या आतल्या बाजूला अल्नर, घोट्यामागे टिबिअल. पूर्ण अंगावर फिकट बधिर चट्टे शोधा, पाठीवर आणि कुल्ल्यावर सुद्धा, पेशंटला स्वतःला ते दिसत नाहीत. निदान इथे बसून होणार नाही, पण शंका सरांच्या कानावर घाला. एमडीटी (कुष्ठरोगाची औषधं) सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, आणि नर्व्ह नुकतीच गेली असेल तर स्टिरॉइडने परत येऊ शकते, म्हणून कधीपासून होतंय हे नक्की विचारा.

ऑर्थो_नाइट_ड्यूटी
क्या बात है डॉक्टर. आणि फिजिओ, सरांनी पुढचा प्रश्न टाकला की नर्व्ह परत आलीच नाही तर काय, तर हाच टिबिआलिस पोस्टीरिअर कामाला येतो. त्याचा टेंडन सोडवून पावलाच्या वरच्या बाजूला आणून बसवतात, मग तोच पाऊल उचलतो. ऑपरेशननंतर मेंदूला नवीन काम शिकवायला तुम्ही फिजिओच लागता. एल फाइव्हवाल्याला हे जमत नाही कारण त्याचा तो मसल आधीच वीक असतो.

गोंधळलेला_फिजिओ
अच्छा!! म्हणून सर त्या दिवशी त्या मसलची ताकद ग्रेड फोर प्लस (पाचपैकी) आहे का बघा म्हणत होते, आता लिंक लागली. ऑपरेशन होईपर्यंत एएफओ (घोटा-पाऊल धरून ठेवणारा स्प्लिंट) द्यायचा ना? तळवा बधिर असताना एएफओने जखम नाही का होणार?

न्यूरोवाली_ताई
होऊ शकते, म्हणून आतून मऊ एमसीआरचं (स्पंजसारखं रबर) अस्तर, आणि सुरुवातीला थोडा थोडा वेळच घालायला दे. रोज रात्री तळवा आरशात बघायला सांग, स्वतःला वाकून दिसत नसेल तर घरातल्या कोणाला तरी बघायला सांग.