बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया, मोबाईलवरचा गोळीबाराचा गेम): दुसऱ्या मॅचला फोन अडकतोय, दोष फोनचा की नेटचा?

नेमबाज_निपाणी
६ जीबी रॅमचा मिड-रेंज फोन. ग्राफिक्स स्मूथ, फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात) एक्स्ट्रीम म्हणजे ६०. पहिली मॅच झकास, दुसऱ्या मॅचला शेवटच्या सर्कलमध्ये (आकसत आलेल्या मैदानात) नेमकं स्प्रे (सलग गोळ्या) मारताना स्क्रीन अडकते. पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) ५०-६० मिलिसेकंदांच्या वर जात नाही. नेट बदलू की फोन?

खानापूरचा_गडी
भावा, काहीच बदलू नको. पिंग स्थिर आणि चित्र अडकतंय म्हणजे फोन तापतोय. नेटची गडबड असती तर चित्र सुरळीत दिसलं असतं, पण पळता पळता तुझा प्लेयर मागं खेचला गेला असता नाहीतर गोळ्या लागूनही डॅमेज उशिरा पडला असता.

प्रोसेसर तापला की फोन स्वतःच त्याचा वेग उतरवतो. ६० फ्रेमला एका फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंदच मिळतात, ते चुकले की झटका बसतो. ६० वरून ३५ ला आपटण्यापेक्षा अल्ट्रा सेटिंगचे ४० कायम टिकलेले कधीही बरे. सावल्या आणि अँटी-एलियासिंग (चित्राच्या कडा गुळगुळीत करणारं सेटिंग) बंद कर. जायरोवर (फोन हलवून नेम धरत) खेळत असशील तर आणखी एक: फ्रेम पडल्या की तीच सेन्सिटिव्हिटी (हाताच्या हालचालीला नेम किती सरकतो ते) जड वाटते. पोरं मग ती वाढवत बसतात आणि फोन गार झाला की रिकॉइल (बंदुकीचा झटका) पार हातातून जातो. आधी फ्रेम स्थिर कर, सेन्सिटिव्हिटीला नंतर हात लाव.

चिकोडी_स्क्वाड
वरचं बरोबर. कव्हर काढ, ब्राइटनेस निम्म्यावर आण, चार्जिंगला लावून खेळू नको (बायपास चार्जिंग, म्हणजे बॅटरीऐवजी थेट फोनला वीज देणारी सोय असेल तर चालतंय). एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या खोलीत ६० चा हट्टच धरू नये.

फोनच्या पाठीला लावायचा कूलर घेतलास तर कॅमेऱ्याच्या बाजूला लाव, बहुतेक फोनांत प्रोसेसर तिथंच असतो. लोक मधोमध बॅटरीवर लावतात आणि कूलरला शिव्या घालतात. पावसाळ्यात फुल्ल थंड नको, पाणी धरतं. फोन फ्रीजमध्ये ठेवायचा प्रयोग तर नकोच. व्हर्च्युअल रॅमही (स्टोरेजचा भाग रॅम म्हणून वापरणं) बंद ठेव. स्टोरेज रॅमइतकं वेगवान नसतं.

नेमबाज_निपाणी
समजलं. पण घरात कुणी व्हिडिओ पाठवायला लागलं की पिंग उडतो, तो वेगळा विषय काय?

खानापूरचा_गडी
व्हय, तो नेटचाच. अपलोड भरलं की गेमची पाकिटं (डेटाचे तुकडे) मागं रांगेत राहतात. राउटरमध्ये क्यूओएस (कुणाला किती नेट द्यायचं ते ठरवणारं सेटिंग) असेल तर अपलोडला मर्यादा घाल, आणि फोन वायफायच्या ५ गिगाहर्ट्झवर जोड. मोबाईल डेटावर, रेंज काठावरची असेल तिथं फोन ५जी-४जी अशा उड्या मारतो. तिथं सेटिंगमधून फक्त ४जी ठेव.

चिकोडी_स्क्वाड
एवढं करूनही पीसीसारखं होणार नाही, ते धरूनच चाल. अंगठेच अर्धी स्क्रीन झाकतात. तीन-चार बोटांचा क्लॉ (अंगठ्यांसोबत तर्जनीही वापरून धरायची पद्धत) शिकलास तर डोकावणं आणि फायर एकाच वेळी जमतं. घामानं टच चुकतो, फिंगर स्लीव्ह घाल. एम असिस्ट (नेम धरायला गेमची मदत) आणि सुरुवातीचे बॉट (गेमनंच चालवलेले सोपे शत्रू) बघून आपण तयार झालो असं मात्र समजू नको.