प्रोपोफॉल (भुलीचं इंजेक्शन) देताना हात दुखतो, लिग्नोकेन (बधिर करणारं औषध) मिसळूनही फरक नाही. मदत हवी आहे

चकवा२२: औषध सोडलं की पेशंट हात ओढतात, काही ओरडतात. लिग्नोकेन मिसळतोच आहोत. उद्या ऑपरेशनची मोठी लिस्ट आहे, ठोस काहीतरी सांगा.

शीरशोधक: कुठल्या शिरेत? लिग्नोकेन किती, कधी मिसळता? साधं प्रोपोफॉल की एमसीटी-एलसीटी (मध्यम आणि लांब साखळीच्या तेलांच्या मिश्रणातलं)? एवढं तरी लिहा हो.

चकवा२२: साधंच. हाताच्या पाठीवर, २२ गेजची बारीक सुई. १% च्या २० मिलीत २% लिग्नोकेन २ मिली. सिरिंजा सकाळीच भरतो.

शीरशोधक: मेख तिथेच आहे. २०० मिग्रॅ प्रोपोफॉलला २० मिग्रॅ, म्हणजे १ मिली पुरे. जास्त घालून ठेवून दिलं की इमल्शन (तेल-पाण्याचं मिश्रण) फुटतं, तेलाचे थेंब मोठे होतात. शिवाय त्यात जंतू झपाट्याने वाढतात. केसच्या वेळीच भरा. आणि शीर कोपराच्या आतली घ्या. तिथे रक्त भरपूर, औषध लगेच पातळ होतं.

दंडपट्टा: कोपर वाकलं की ड्रिप अडते, औषध बाहेर झिरपलं तरी उशिरा कळतं. त्यापेक्षा ड्रिप बंद करा, हात उंच धरून रक्त उतरवा, टुर्निके (रक्त अडवणारा पट्टा) बांधा, ४० मिग्रॅ लिग्नोकेन द्या, मिनिटभर थांबा. पट्टा सोडा की लगेच प्रोपोफॉल. लिग्नोकेन शिरेतून देण्यासाठी बनवलेलंच हवं, अ‍ॅड्रेनलिनवालं चुकूनही नको.

शीरशोधक: इमर्जन्सीत मिनिटभर थांबायला वेळ कुणाला आहे?

दंडपट्टा: त्यांनी लिस्टबद्दल विचारलंय, इमर्जन्सीबद्दल नाही.

सावकाश: एवढी खटपट कशाला? अगदी हळू सोडा.

दंडपट्टा: उलट होतं! हळू सोडलं की औषध शिरेच्या भिंतीला जास्त वेळ लागून राहतं. वयस्करांना बीपीसाठी हळू द्यावंच लागतं, म्हणून तर आधी लिग्नोकेन.

मलमपट्टी: लहान मुलांना तासभर आधी एम्ला (त्वचा बधिर करणारं) क्रीम लावा, रडत नाहीत.

शीरशोधक: ते सुई टोचण्यापुरतं. इथे आग शिरेच्या आत होतेय.

निळीटोपी: रोक्युरोनियमनेही (स्नायू सैल करणारं औषध) झोपलेला पेशंट हात ओढतो, त्यावर वेगळा धागा हवा. तुमच्यासाठी: एमसीटी-एलसीटी मागवा, त्यात पाण्यात सुटं राहणारं प्रोपोफॉल कमी असतं, दुखतंही कमी. लिग्नोकेन तरीही द्याच.

चकवा२२: ते उद्यापर्यंत येणार नाही. पट्ट्याऐवजी बीपीचा कफ चालेल?

दंडपट्टा: चालेल, पण ऑटोवर नको, मध्येच सुटेल. हाताने फुगवायचा घ्या, बीपी दुसऱ्या हातावर मोजा. हार्ट ब्लॉक (हृदयातले विद्युत संदेश अडणं) असेल तर लिग्नोकेनआधी सीनियरला विचारा.