सॉनिक १ : बझ बॉम्बरची गोळी चुकवायची कशी?

रिंगसंग्रह
१९९१ चा मूळ ‘सॉनिक द हेजहॉग’ हा व्हिडिओ गेम, मेगा ड्राइव्ह कन्सोलची आवृत्ती. ग्रीन हिल झोनमध्ये, म्हणजे पहिल्या भागात, एकही रिंग (वाटेत गोळा करायची सोन्याची कडी) न गमावता तिन्ही अ‍ॅक्ट पार करायचे आहेत. मोटो बग या रोबोटचा त्रास नाही, तो एका चाकावर सरळ अंगावर येतो, उडी मारली की संपला. अडचण आहे ती निळ्या यांत्रिक गांधीलमाशीची, म्हणजे बझ बॉम्बरची. तो दिसला की सॉनिकचा वेग कमी करून सावधपणे पुढे जायचं, तरी गोळी लागतेच. उडी मारून गोल झालेलं असतानाही लागते. मग खालून पळत सुटताना कधीकधी काहीच का होत नाही? तो नेम धरतो की नशिबाचा खेळ आहे? पुढे मार्बल आणि स्प्रिंग यार्ड या झोनमध्येही तो आहेच, म्हणून एकदा नीट समजून घ्यायचंय.

फ्रेममापक
नशिबाचा काही संबंध नाही, आणि बझ बॉम्बर नेमही धरत नाही. तो घड्याळासारखा चालतो. सेकंदाला ६० फ्रेम (पडद्यावरची चित्रं) धरून आकडे देतो.

उडताना त्याचा वेग फ्रेमला ४ पिक्सेल. एका दमात १२८ फ्रेम उडतो, म्हणजे ५१२ पिक्सेल. पडद्याची रुंदी ३२० पिक्सेल आहे, त्यामुळे तो नेहमी कुठूनतरी बाहेरून आल्यासारखा वाटतो. उडत असताना तो एकच गोष्ट तपासतो : सॉनिक आडव्या अंतरात ९६ पिक्सेलच्या आत आला का? आला, आणि बझ बॉम्बर स्वतः पडद्यावर दिसत असला, की जागच्या जागी थांबतो. ३० फ्रेम, म्हणजे अर्धा सेकंद, नुसता घोंगावतो आणि मग गोळी सोडतो. गोळी नळीशी क्षणभर चमकते, मग फ्रेमला २ पिक्सेल पुढे आणि २ पिक्सेल खाली, बरोबर ४५ अंशांत जाते. दिशा कोणती, तर त्याचं तोंड जिकडे असेल तिकडे. तुम्ही त्याच्या मागे गेला असलात तरी तो पुढेच गोळी झाडतो, तुम्हाला काहीच होत नाही.

आता सावधपणा कसा अंगाशी येतो ते पाहा. समजा तो जमिनीपासून ८० पिक्सेल उंचीवर आहे. गोळी ४० फ्रेममध्ये जमिनीवर येणार, आणि येणार ती त्याच्या पुढे साधारण ८० पिक्सेलवर. वेग कमी केलेला सॉनिक नेमका त्याच पट्ट्यात रेंगाळत असतो. पूर्ण वेगाने, फ्रेमला ६ पिक्सेलने, पळणारा सॉनिक मात्र ते ९६ पिक्सेल १६ फ्रेममध्ये कापतो. गोळी सुटेपर्यंत तो केव्हाच पलीकडे पोचलेला असतो. म्हणून खालून पळताना काही होत नाही.

अट एवढीच की वेग आधीपासून हवा. उभ्या जागेवरून ६ चा वेग गाठायला सपाट जमिनीवर १२८ फ्रेम लागतात, दोन सेकंदांहून थोडं जास्त. बझ बॉम्बर दिसल्यावर पळायला सुरुवात केली तर उशीर झालेला असतो.

चेंडूउडी
वरचं सगळं बरोबर, पण त्याला चुकवत बसण्यापेक्षा फोडणं सोपं आहे. तो थांबला त्याच क्षणी उडीचं बटण दाबा आणि दाबून ठेवा. सॉनिकची पूर्ण उडी साधारण ९६ पिक्सेल उंच जाते आणि शिखरावर पोचायला ३० फ्रेम लागतात. म्हणजे तो गोळी सोडणार तोवर तुम्ही त्याच्या उंचीवर असता. आडवा वेग किमान फ्रेमला ३ पिक्सेल हवा, नाहीतर अंतर भरून निघत नाही.

गोल झाल्यावरही गोळी लागते, कारण गोळी हा शत्रू नाही. चेंडू झालेला सॉनिक फक्त रोबोट फोडतो, गोळीला ते कवच चालत नाही. जवळ शील्ड (एक मार झेलणारी ढाल) असेल तर शील्ड जाते, रिंग वाचतात. शील्ड नसेल तर सगळ्या रिंग जातात, आणि बाहेर उडताना दिसतात त्या जास्तीत जास्त ३२. शंभर साठवल्या असल्या तरी परत गोळा करायला ३२ च्या वर मिळत नाहीत.

आपटून वर कसं उसळायचं तेही सांगतो, कारण ग्रीन हिलच्या वरच्या वाटा अशाच गाठता येतात. वरून पडत त्याच्यावर आदळलात तर पडण्याचा वेग जेवढा तेवढाच वर मिळतो. खालून वर जाताना आदळलात तर वेग फक्त १ पिक्सेलने कमी होतो आणि तुम्ही वर जातच राहता. उडी मारून आला असाल तर बटण दाबलेलंच ठेवा, सोडलंत तर वर जाण्याचा वेग ४ वर कापला जातो. बहुतेक जण आदळल्याबरोबर बोट उचलतात आणि वरचा कडा थोडक्यात हुकतो.

जमिनीला पाय न लावता एकामागून एक फोडले तर गुण १००, २००, ५००, १००० असे वाढतात, आणि सोळाव्यापासून पुढे प्रत्येकाचे १०,०००.

रिंगसंग्रह
दोघांचेही आभार. एकच शंका. तो वळतो तेव्हा पुन्हा गोळी मारतो का? पुढे निघून गेल्यावर मागून लागेल अशी भीती वाटते.

फ्रेममापक
एका फेरीत एकच गोळी. गोळी सोडल्यावर ‘झाडून झाली’ अशी खूण स्वतःवर करून घेतो, ६० फ्रेम तिथेच घोंगावतो आणि मग १२८ फ्रेम उडून जातो. त्या उडण्यात तुम्ही जवळ आलात का हे तो बघतच नाही. मग वळतो, तेव्हाच ती खूण पुसली जाते, आणि पुन्हा ६० फ्रेम थांबून निघतो.

म्हणजे त्याचे थांबे तीन आहेत, आणि धोका फक्त अर्ध्या सेकंदाच्या थांब्यात आहे. बाकीचे दोन पूर्ण एक-एक सेकंदाचे, तेव्हा त्याच्याकडे सुटायला गोळीच नसते. उडी जमत नसेल तर आधी ती एक गोळी वाया घालवू द्या आणि नंतर फोडा. वळून आला तर मात्र नव्याने मोजायला लागा.

५० फ्रेमच्या युरोपीय कन्सोलवर हेच आकडे राहतात पण सगळंच हळू होतं, अर्ध्या सेकंदाचा ०.६ सेकंद होतो.

पिक्सेलकाम
फॅनगेम, म्हणजे चाहत्यांचे स्वतःचे सॉनिक गेम, बनवणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण हा रोबोट पुन्हा पुन्हा चुकीचा बनवलेला दिसतो. पहिली चूक : सॉनिकपर्यंतचं तिरकं अंतर मोजणं. मुळात फक्त आडवं अंतर बघतात. तिरकं मोजलं की उंचावरचा बझ बॉम्बर उशिरा थांबतो आणि गोळी तुमच्या मागे पडते. दुसरी : वर सांगितलेली खूण विसरणं. मग तो जागेवरून हलतच नाही, साधारण दर दीड सेकंदाला गोळ्या सोडत बसतो. तिसरी, आणि मला सर्वांत खटकणारी : गोळी सॉनिकच्या दिशेने वळवणं. ४५ अंशांची ठरलेली रेघ आहे म्हणूनच खेळणाऱ्याला ती वाचता येते. तीच काढून घेतली तर शिकण्यासारखं काही उरत नाही.

१९९२ च्या ‘सॉनिक २’मधल्या एमराल्ड हिलचा बझर याचाच भाऊबंद, पण चाल वेगळी. तो सावकाश उडतो आणि गोळी शेपटीच्या नांगीतून सोडतो. तिथे ९६ चा आकडा वापरू नका, त्याचा पट्टा बराच अरुंद आहे. पुढे होमिंग अटॅक (हवेतून थेट शत्रूवर झेपावणारा हल्ला) आल्यावर बझ बॉम्बरचं कामच बदललं. २०११ च्या ‘सॉनिक जनरेशन्स’मध्ये आधुनिक सॉनिकसाठी ते दरीवर ओळीने टांगलेले असतात, एकावरून दुसऱ्यावर झेपावत पलीकडे जायला. तिथे एखादा ओळीबाहेर फोडलात तर पाऊल ठेवायची एक पायरी कमी होते.