मदत हवी आहे: भराव टाकल्यावर खाडीत गाळ वाढतो की घटतो?

नमस्कार मंडळी. किनाऱ्यावरच्या भरावामुळे खाडीतल्या गाळाची ये-जा कशी बदलते, यावर छोटा अभ्यास करतोय आणि एका जागी अडलोय.

एक तर्क असा: भरावाने खाडीचं क्षेत्र घटतं, भरतीला आत शिरणारं पाणी घटतं, मुखाशी प्रवाह मंदावतो. मग गाळही कमीच आत येणार. दुसरा तर्क: प्रवाह मंदावला की आत आलेला गाळ बाहेर पडणार नाही, खाडी उथळ होत जाणार. दोन्ही पटतात, हीच पंचाईत.

हिशेबासाठी काल्पनिक खाडी धरलीय. क्षेत्र २० चौ. किमी, भरती-ओहोटीतला फरक ३ मीटर. ओहोटीला उघडे पडणारे काठाचे ४ चौ. किमी चिखलपट्टे भरावाखाली गेले. म्हणजे ये-जा करणारं पाणी ६ कोटी घनमीटरवरून ४.८ कोटींवर, २० टक्के घट. इथून गाळाकडे कसं जायचं?

त्यात नेदरलँड्सचं उदाहरण वाचून डोकं आणखी फिरलं. १९३२ मध्ये ३२ किमीचा बांध घालून झायडर झी ही उथळ खाडी समुद्रापासून तोडली, तर बाहेर वाडन समुद्रात भरती-ओहोटीतला फरक चक्क वाढला! हे कसं?

प्रतिसाद १:
आधी हिशेब बघू. चिखलपट्टे मध्यपातळीला असतील तर त्यांच्यावर दीड मीटरच पाणी चढतं. म्हणजे मूळ पाणी ६ कोटी नाही, ५.४ कोटी. भरावानंतर ४.८. घट ११ टक्के, क्षेत्राच्या घटीपेक्षा बरीच कमी. वाळूच्या मुखाचा छेद (पाणी जायची आडवी जागा) साधारण या पाण्याच्या प्रमाणात राहतो, म्हणून मुख हळूहळू आकसेल आणि प्रवाहाचा कमाल वेग पुन्हा सेकंदाला सुमारे १ मीटरच्या आसपास येऊन स्थिरावेल.

पण माझ्या मते खरी गोम पाण्याच्या प्रमाणात नाही, भरती जोरकस की ओहोटी यात आहे. रुंद चिखलपट्टे असले की भरतीच्या वेळी पाणी त्यांच्यावर पसरतं आणि रेंगाळतं, मग उतरताना मधल्या खोल चरांतून जोरात निघतं. ही ओहोटी गाळ बाहेर ढकलते. पट्टे भरले की तो पसारा जातो. भरतीला पाणी खोल असतं आणि खोल पाण्यात लाट वेगाने धावते, त्यामुळे भरतीचा माथा लवकर आत पोहोचतो, भरती आखूड आणि जोरदार होते. वाळूचं वहन वेगाच्या तिसऱ्या ते पाचव्या घातानुसार वाढतं, म्हणून दोन्ही वेगांत थोडासा फरक पडला तरी गाळाची निव्वळ दिशा उलटून तो आत येऊ शकतो. तुमचे दोन्ही तर्क सरासरी वेगावर उभे आहेत, म्हणून भांडतायत.

शिवाय आधी जो गाळ पट्ट्यांवर विसावायचा त्याची जागाच गेली. तो आता चरांत बसणार. ड्रेजिंगवाल्यांना काम.

प्रतिसाद २:
झायडर झीबद्दल. पूर्वी भरतीची लाट उथळ पाण्यात लांबवर जाऊन तळाच्या घर्षणाने विरायची. बांध आल्यावर ती त्याच्यावर आदळून परतू लागली, आणि येणारी-परतणारी मिळून बांधाबाहेर उंची वाढली. हे आधीच सांगितलं गेलं होतं: नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ लॉरेन्ट्झ यांच्या समितीने १९१८ ते १९२६ या काळात ते गणिताने काढलं, संगणकाशिवाय! पुढे बांधाने तोडलेले चर गाळाने भरत गेले, आणि त्यासाठी लागणारी वाळू मुखाबाहेरच्या वाळूच्या दांड्यांतून आणि शेजारच्या किनाऱ्यांवरून आली. म्हणजे आत भरणं आणि बाहेर झिजणं एकाच हिशेबाच्या दोन बाजू. तुमच्या अभ्यासात खाडीबाहेरचा किनाराही घ्या.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार, आता चित्र बरंच उलगडलं. गाळ वाळूऐवजी बारीक चिखलाचा असेल तर हेच लागू होतं का? आणि मोजायचं काय?

प्रतिसाद १:
चिखलाचं वेगळं. कण पाण्यातून खाली बसायला वेळ घेतो, म्हणून वेग ओसरल्यावरही पुढे वाहत जाऊन काठाशी बसतो. एकदा घट्ट झाला की उचलायला जास्त वेग लागतो. भरावाच्या कोपऱ्यांत पाणी निपचित पडतं, तिथे हाच चिखल साचतो. उलट लाटा थेट येत असतील तर उभ्या भिंतीच्या पायथ्याशी खोदाई होते.

मोजायला मुखाशी वेग आणि गढूळपणा, तळाजवळ आणि पृष्ठाशी दोन्हीकडे, उधाणापासून भांगापर्यंत (सर्वात मोठ्या भरतीपासून सर्वात लहान भरतीपर्यंत) सलग. फक्त उधाणाचे आकडे घेऊ नका. भरावाआधीचे आणि नंतरचे खोलीचे नकाशे मिळाले तर त्यांची वजाबाकी सगळ्यात आधी करा, मग डेल्फ्ट थ्रीडी किंवा टेलेमॅक ही पाणी-गाळाचं गणित करणारी सॉफ्टवेअर उघडा. दोन्ही फुकट मिळतात.