घरफोड्या कमी झाल्या, पण त्या गस्तीमुळेच का?

प्रश्न

आमच्या तालुक्याच्या गावात दोन कॉलन्यांतील रहिवासी जून २०२४ पासून आळीपाळीने रात्रगस्त घालतात आणि लोकवर्गणीतून चौकांत सीसीटीव्ही कॅमेरेही बसवले आहेत. त्याआधीचे वर्ष फार वाईट गेले होते. मे महिन्याच्या सुट्टीत बंद घरांची कुलुपे ओळीने तुटली होती. आता पोलीस ठाण्यात नोंदलेल्या चोऱ्या आणि घरफोड्या मिळून आकडा कमी दिसतो, आणि त्याच आधारावर आणखी प्रभागांसाठी नगरपरिषदेकडे निधी मागण्याचे घाटत आहे. एवढ्यावरून योजना यशस्वी झाली असे म्हणता येईल का?

उत्तर १

नाही, आणि पहिली अडचण त्या बेरजेतच आहे. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले असून, ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या ऐवजाची साधी चोरी पहिल्या गुन्ह्याच्या बाबतीत आता अदखलपात्र ठरू शकते. म्हणजे ज्या जुन्या सायकलीसाठी पूर्वी गुन्हा दाखल झाला असता, तिची आज नुसती एनसी (अदखलपात्र तक्रारीची नोंद) होऊन ती तुमच्या आकड्यातून गळेल आणि त्याचे श्रेय गस्तीला मिळेल. घरफोडीला ही सवलत नाही. म्हणून घरफोड्या वेगळ्या काढा आणि मे महिन्याची तुलना मे महिन्याशी, दिवाळीची दिवाळीशीच करा.

दुसरे असे की, योजना वाईट वर्षानंतर सुरू झाली आहे. वर्षाला समजा ९ घरफोड्यांच्या ५ झाल्या, तर एवढा चढउतार काहीही न करताही होतो. मागच्या पाच-सहा वर्षांचे आकडे माहितीच्या अधिकारात मागवा, आणि गस्त नसलेल्या पण तशाच वस्तीच्या एखाद्या कॉलनीचे त्याच काळातले आकडे शेजारी ठेवा.

उत्तर २

वरील मुद्द्याला एक जुना दाखला देतो. अमेरिकेतील कॅन्सस सिटी शहरात १९७२-७३ मध्ये पोलिसांच्या १५ बीटांचे (गस्तीच्या हद्दींचे) तीन गट पाडले गेले: एकात पोलीस गाड्यांची नेहमीची गस्त बंद केली, एकात होती तशी ठेवली, एकात दुपटी-तिपटीने वाढवली. गुन्ह्यांत किंवा नागरिकांच्या भीतीत लक्षणीय फरक आढळला नाही. तिथे फक्त पोलिसांच्या नोंदी न मोजता रहिवाशांनाही विचारले होते, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण गस्त सुरू झाल्यावर लोक अधिक विश्वासाने तक्रार देऊ लागले तर काम चांगले चालूनही नोंदी वाढतात.

तरीही गस्तच सोडून द्यावी, असे मी म्हणणार नाही. इंग्लंडमध्ये रॉचडेलजवळच्या कर्कहोल्ट वसाहतीत १९८० च्या दशकात घरफोड्या फार मोठ्या प्रमाणात घटल्या. परंतु तिथे चोर नेमके काय नेतात हे आधी शोधले गेले, ज्यांतले पैसे चोर नेत ते घरांतील नाण्यांवर चालणारे गॅस-विजेचे मीटर काढले गेले, आणि एकदा फोडलेले घर पुन्हा फोडले जाते हे ओळखून त्याच घरांभोवती शेजाऱ्यांचा पहारा उभा केला गेला. तुमच्याकडे कोणती घरे दुसऱ्यांदा फुटली, याची यादी कोणाकडे आहे का?

प्रश्नकर्ता

अशी यादी नाही. ती करण्याचा विचारच आम्हाला सुचला नव्हता. निधीचा अर्ज सध्या थांबवतो. दोन्ही कॉलन्यांत आणि रेल्वे फाटकापलीकडच्या वस्तीतही घरोघरी जाऊन, तक्रार दिली असो वा नसो, गेल्या दोन वर्षांत घरात चोर शिरला होता का, एवढे विचारून घेतो. चोर फक्त फाटकापलीकडे गेले असतील, तर तेही अर्जात लिहावे लागेल.